आधी बटाटे, मग डेटा

छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढल्यावर माणसाला दोनच कामं येतात. एक, सिग्नल दुरुस्त करणं, आणि दुसरं, लोकांच्या कामात खोट काढणं. निवृत्तीनंतर पहिलं काम कोणी करू देत नाही, म्हणून मी दुसरं घरातच सुरू केलं. कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, दूधवाल्याची वेळ लिहून ठेवली, गॅस सिलिंडर किती दिवस पुरतो याचा तक्ता फ्रिजवर चिकटवला. दोन महिन्यांनी बायको म्हणाली, "तुम्ही कुठेतरी नोकरी बघा, नाहीतर मी बघते."

आमचं घर दतिया गेटजवळ. आजोबा भुसावळहून बदली होऊन झाशीला आले आणि परत जायचं राहूनच गेलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भांडण रंगलं की बुंदेली, अशी आमची भाषांची वाटणी आहे. आमच्या एकुलत्या एक मुलीला मराठी सगळी कळते, बोलताना मात्र वाक्य अर्ध्यावर आलं की ती हिंदीत उतरते. ती इंजिनियर झाली आणि तीन वर्षं नोएडात होती. ती तीन वर्षं आम्ही नवराबायको दिवसाला चार वाक्यं बोलायचो, त्यातली दोन गोळ्यांबद्दल असत.

नोएडात ती एका डेटा सेंटरमध्ये कामाला होती. साऱ्या जगाचे फोटो, पावत्या, रिपोर्ट आणि भांडणं जिथे यंत्रांत साठवून ठेवतात, त्या इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. ही यंत्रं भयंकर तापतात, म्हणून त्यांना अष्टौप्रहर गार हवा लागते, आणि वीज एक क्षणही जाऊन चालत नाही. माणसांची गेली तर चालते. माणसांची जातेच.

आणि मग एके दिवशी तिचा फोन आला, की झाशीत डेटा सेंटर निघतंय, मऊरानीपूरच्या रस्त्यावर, आणि तिथे माणूस हवाय. बायकोने त्या दिवशी देवापुढे दोन दिवे लावले. मी विचारलं, मऊरानीपूरच्या रस्त्यावर तर बटाट्याचं कोल्ड स्टोरेज आहे, त्याच्या शेजारी का? मुलगी म्हणाली, "शेजारी नहीं बाबा. आत."

त्याचं असं झालं. कोल्ड स्टोरेजचे मालक मूळचे समथरचे. सगळे त्यांना सेठजी म्हणतात, मीही म्हणतो. ते सरकारच्या कसल्याशा उद्योग मेळाव्याला गेले होते. तिथे त्यांना कळलं की डेटा सेंटरला आता उद्योगाचा दर्जा आहे, ती अत्यावश्यक सेवा आहे, तिला दोन बाजूंनी वीज मिळते, परवाने एकाच खिडकीवर मिळतात, आणि मोठ्या शहरांत गर्दी झाल्यामुळे आता लहान गावांत लहान केंद्रं काढायची लाट आली आहे. सेठजींना यातलं किती समजलं देव जाणे. पण यंत्रांना गारवा लागतो एवढं ऐकल्यावर ते खुर्चीतून उठलेच. गारवा त्यांच्याकडे वडिलांच्या वेळेपासून होता.

"आलू खों ठंडक चानें, मशीन खों ठंडक चानें," ते मला पहिल्या भेटीत म्हणाले. "ठंडक सो ठंडक आय, साब. ईमें का फरक?"

फरक होता. बटाटा सुरकुतू नये म्हणून कोल्ड स्टोरेजची हवा दमट ठेवतात. यंत्रांना कोरडी लागते. पहिल्याच आठवड्यात गारवा सांभाळणाऱ्या मिस्त्रीने तीस वर्षांच्या सवयीने सकाळी फरशीवर बादलीभर पाणी शिंपडलं आणि यंत्रांच्या नव्याकोऱ्या कपाटांवर दव पडलं. माझ्या मुलीने त्या दिवशी जी आरडाओरड केली ती शुद्ध मराठीत होती, असं मागाहून कळलं. आईला फार समाधान वाटलं.

मग मधे भिंत उभी राहिली. इमारतीच्या अर्ध्या भागात बटाटे आणि अर्ध्या भागात डेटा. डेटाच्या बाजूला कोरड्या हवेची वेगळी यंत्रं आली, काचेचं दार आलं, बोट ठेवून उघडायचं कुलूप आलं. बटाट्याचा वास मात्र गेला नाही. झाशी, दतिया आणि ललितपूरकडच्या काही दवाखान्यांनी आपले रिपोर्ट इथे ठेवले. रक्तगट, एक्स-रे, कोणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं. म्हणजे ललितपूरला एखादा डॉक्टर पेशंटला टेबलावर घेऊन बटण दाबणार, आणि उत्तर बटाट्याच्या भिंतीपलीकडून येणार. सेठजींना कोणीतरी सांगितलं होतं की नव्या नियमांत देशाचा डेटा देशातच ठेवण्यावर भर आहे. ते छाती फुगवून म्हणाले, "देस की छोड़ो, हमाओ डाटा तो जिला से बाहर नईं जैहै."

मी त्या इमारतीत कसा शिरलो? मुलीचा डबा घेऊन गेलो होतो. सेठजींनी विचारपूस केली, आणि मी सिग्नलमध्ये होतो म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. सरकारी फॉर्मवर एक रकाना रिकामा होता: अनुपालन अधिकारी. नियम पाळले जातात की नाही हे बघून वर्षातून एकदा प्रतिज्ञापत्रावर सही करणारा माणूस. त्याला गंभीर यंत्रणांचा अनुभव हवा होता. "आपकी दस्तखत में तो रेलवे दिखत है, साब," सेठजी म्हणाले. मलाही ते खरंच वाटलं. स्तुती कोणाला कडू लागते?

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, की अनुपालन अधिकाऱ्याचा कर्मचाऱ्यांशी हितसंबंधांचा टकराव आहे का. मी सेठजींना म्हटलं, ज्या मुलीच्या नोंदवहीवर मी सही करणार ती माझीच मुलगी आहे, हे लिहायला हवं. ते दुखावलेच. "टकराव काए को? बाप-बिटिया में का टकराव?" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने 'नहीं' लिहिलं. मी बघत राहिलो. आता कबूल करतो, की तिथेच माझं चुकलं, आणि का चुकलं तेही मला माहीत होतं. रोज सकाळी मुलीच्या स्कूटीवर मागे बसून कामाला जायचं सुख मला सोडवत नव्हतं.

ते वर्ष आमच्या घरात फार चांगलं गेलं. मुलगी आईकडून थालीपीठ शिकली आणि आईने मुलीकडून मोबाइलवर सिनेमे बघायला शिकून घेतलं. जेवताना तिघंही एकदम बोलायचो. बायको गोळ्यांची आठवण करायलाच विसरायची, आणि तरी तिचं ब्लडप्रेशर उतरलं. तिने मला बजावून ठेवलं होतं, "पोरगी इथं टिकली पाहिजे. तुमचा काटेकोरपणा रेल्वेला देऊन झालाय, उरलेला घरात ठेवा."

ऑफिसात माझं काम होतं सेठजींच्या उत्साहाला फॉर्ममध्ये बसवायचं. पर्यावरणाच्या रकान्यात 'हरित उपक्रम' विचारलं होतं, म्हणून सेठजींनी फाटकाजवळ अकरा तुळशी लावल्या आणि फोटो पाठवला. तो मंजूर झाला. पाण्याच्या वापराबद्दल विचारलं तर लिहिलं, 'मर्यादित', आणि कोणी कोणाची मर्यादा असं विचारलं नाही. नियम करणारे दूर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते आणि इकडे शेळ्यांनी स्वतःच हजेरी लावायला सुरुवात केली होती. मला मजा येत होती. खोटं कशाला बोलू?

एका गोष्टीत मात्र मजा नव्हती. इमारतीला जनरेटर एकच होता. त्याच्या खोलीत भिंतीवर हातभर लांबीचा लोखंडी दांडा होता. दांडा वर केला की जनरेटरची वीज बटाट्यांना, खाली केला की डेटाला. दोघांना एकदम पुरत नव्हती. यंत्रांच्या बॅटऱ्या दहा-बारा मिनिटं तग धरायच्या, तेवढ्यात दांडा खाली यायला हवा. आणि मिस्त्रीला सेठजींचा हुकूम होता: वीज गेली की दांडा वर. आधी बटाटे. "आलू सड़त है, कम्पूटर नईं सड़त," हे त्याचं कारण. कागदावर दुसरा जनरेटर 'येत' होता. वर्षभर येतच होता.

वीज जायची नाही म्हणून हे खपून जात होतं. अत्यावश्यक सेवा ना! मे महिन्यात अख्खी झाशी गच्चीवर पंखे हलवत बसलेली असायची आणि आमच्या इमारतीवर दिवे लखलखत असायचे. गेलीच तर दोन-तीन मिनिटं, बॅटऱ्या तेवढं सोसायच्या. पण नियम असा होता, की दर महिन्याला एकदा मुद्दाम वीज तोडायची, जनरेटर यंत्रांचा पूर्ण भार उचलतो का ते बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं. ती वही माझी मुलगी लिहायची.

वर्ष संपलं आणि तपासणी ठरली. आदल्या दिवशी मी वही हातात घेतली. तोवर मी ती उघडलीच नव्हती. अकरा नोंदी होत्या, सुंदर अक्षरात. प्रत्येक वेळी सकाळचे अकरा, प्रत्येक वेळी जनरेटरने चौदा सेकंदांत भार उचलला, शेरा 'ठीक'. मी आयुष्यभर नोंदवह्या वाचल्या आहेत. खऱ्या वहीवर ग्रीसचा अंगठा असतो, वेळा वेड्यावाकड्या असतात, आणि कुठेतरी एकदा 'नापास' असतं. ही वही एका बैठकीत, एका पेनाने, पंख्याखाली बसून लिहिलेली होती.

संध्याकाळी परतताना मी तिला रस्त्यात चहाच्या टपरीपाशी थांबवलं आणि विचारलं. तिने नाकारलं नाही.

"सेठजी टेस्ट करूच देत नाहीत, बाबा. आलू एक घंटा बंद, म्हणून चिल्लाते हैं. आणि केली तर फेल होणार. तुम्हाला पण मालूम आहे. फेल झाली तर दवाखाने जाणार, दवाखाने गये तो ये बंद. बंद झालं तर मी परत नोएडा. आई परत तशी." तिने कप टपरीच्या फळीवर ठेवला. "आता तुम्ही सांगा, मी काय लिहायचं होतं?"

मी चहा संपवला आणि तिच्या मागे स्कूटीवर बसलो. घरी बायको दारातच उभी होती. मुलीच्या खोलीसाठी कपाट करायला सुतार आला होता आणि माप घेत होता. मी बाहेरच बराच वेळ चपला काढत राहिलो.

तपासणीला नोएडाहून एक तरुण आले. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात टॅब, मे महिन्यात कोट. त्यांनी आत पाऊल टाकलं, बटाट्याचा वास घेतला आणि पुढची सगळी तपासणी सेठजींच्या थंड केबिनमध्ये बसून केली. धोरणं आहेत का? आहेत. छापलेली आहेत का? आहेत. मुलीने धोरणं फार छान छापली होती. तुळशींचा फोटो पाहून ते म्हणाले, "वेरी नाइस." त्यांना दुपारची गाडी पकडायची होती. बारा वाजायच्या आत सगळ्या रकान्यांत हिरव्या खुणा झाल्या आणि टॅब माझ्यापुढे आला.

"बस यहाँ साइन कर दीजिए, सर. कि सारे टेस्ट आपके सामने हुए हैं."

सेठजी हसत होते. मुलगी दाराशी उभी होती, माझ्याकडे न बघता. मी नुसतं बोट फिरवलं असतं तर सगळं तसंच राहिलं असतं, स्कूटी, थालीपीठ, सगळं. पण सिग्नलवाल्यांची एक रीत असते. सिग्नलला हात लावण्याआधी स्टेशन मास्तरला चिठ्ठी लिहून द्यायची, की हा सिग्नल मी तोडला आहे. काम झालं की स्वतः तपासायचं आणि दुसरी चिठ्ठी द्यायची, की जोडला आहे, आता गाडी सोडा. ती चिठ्ठी गाडीतल्या कोणाला दिसत नाही. पण तिच्या भरवशावर हजार माणसं झोपून प्रवास करतात. न तपासता जोडल्याची चिठ्ठी मी कधी दिली नव्हती, साहेब डोक्यावर उभा असतानाही नाही. आणि आता मला ललितपूरचा तो डॉक्टर दिसत होता, पेशंट टेबलावर, बोट बटणावर.

"एक बार बत्ती काटके देख लें?" मी म्हणालो.

"ज़रूरत नहीं है, सर. लिखा तो है."

"लिखा है, इसीलिए," मी म्हणालो आणि उठलो.

सेठजी "अरे साब, अरे साब" करत मागे आले, पण मी मुख्य स्विच खाली ओढला होता. इमारत एकदम मुकी झाली. मग जनरेटर धडधडला आणि मिस्त्रीने, नेमाने, दांडा वर केला. बटाट्यांचे पंखे सुरू झाले. डेटाच्या बाजूने बॅटऱ्यांची पीं-पीं ऐकू यायला लागली. मी दांडा खाली कर म्हणालो, सेठजी म्हणाले खबरदार, आणि मिस्त्री दोघांच्या मधे दांडा धरून उभा राहिला, कोणाची नोकरी करतो हे त्याला आठवेना. तपासणी करणारे तरुण आयुष्यात पहिल्यांदाच जनरेटर बघत असावेत, कारण ते त्याचा फोटो काढत होते. दहा मिनिटं उलटल्यावर मुलगी धावत आली, तिने मिस्त्रीला बाजूला सारलं आणि दोन्ही हातांनी लटकून दांडा खाली खेचला. पीं-पीं थांबली. यंत्रं वाचली. "मोरे आलू!" असं सेठजी ओरडले. तासाभरात बटाट्याला काय होतं? पण त्यांचे डोळे खरोखर भरले होते.

मी घड्याळ पाहिलं. चौदा सेकंदांच्या जागी दहा मिनिटं वीस सेकंद.

"तो फिर ये पिछली ग्यारह एंट्री?" तपासणी करणाऱ्यांनी वही उघडली. "ये किसने लिखी हैं?"

आता सांगतो ते खरं सांगतो. मी तोंड उघडलं होतं ते 'मी' म्हणायला. अक्षर कोणाचं हे ते तपासणार नव्हते, त्यांना गाडी पकडायची होती. छत्तीस वर्षांत कागदावर एक खोटा शब्द लिहिला नाही, आणि तो शब्द जिभेवर आला तेव्हा मला जराही लाज वाटली नाही. पण हाताला ग्रीस लागलेली माझी मुलगी, धापा टाकत, माझ्या आधी बोलली.

"मैंने लिखी हैं. टेस्ट एक भी नहीं हुआ."

तपासणीचा अहवाल आठवड्याने आला. मला वाटलं होतं, आता वरून सूत्रं हलतील, परवाना थांबेल, निदान दुसरा जनरेटर तरी येईल. अहवालात लिहिलं होतं: किरकोळ त्रुटी, प्रक्रियात्मक. सुधारणा: संबंधित कर्मचारी बदलावा. सेठजींनी संबंधित कर्मचारी त्याच दिवशी बदलला, नव्वद दिवसांची मुदत असताना. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, फक्त माझी मुलगी संन्यासीही नव्हती, खोट्या अकरा ओळी तिने लिहिल्या होत्याच. प्रमाणपत्र चौकटीत बसवून फाटकाजवळ लागलं. दांडा भिंतीवर होता तिथेच राहिला आणि हुकूमही तोच राहिला. माझी सही अजून चालेल असा निरोप सेठजींनी पाठवला होता. मी राजीनामा पाठवला. तो त्यांनी फाइलला लावला की नाही, मला माहीत नाही. दवाखान्यांना मी एकेक पत्र लिहिलं, रजिस्टर्ड पोस्टाने. एकाचं उत्तर आलं, की आमच्याकडे तुमच्या केंद्राचं प्रमाणपत्र आहे, काळजी नसावी.

मुलीला नोएडात पंधरा दिवसांत नोकरी मिळाली. लाट मोठी होती, माणसं हवीच होती. तिला सोडायला मी एकटाच स्टेशनवर गेलो. बायको म्हणाली, मला नाही बघवणार. गाडी वीस मिनिटं उशिरा होती. बाकावर बसल्या बसल्या मुलीने एकदम विचारलं,

"बाबा, त्या दिवशी तुम्ही कुछ बोलने वाले थे. मी मधेच बोलले. काय बोलणार होता?"

मी तिच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की ती क्षणभर गप्प बसली असती तर आज ती घरी असती. हे ओझं ती नोएडात घेऊन बसली असती, रोज.

"तुझंच नाव सांगणार होतो," मी म्हणालो. "दुसरं काय सांगणार?"

ती हसली. थोडं लागलं तिला, मी बघितलं. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "मग बरं झालं मी आधी बोलले." गाडी आली, मी बॅग चढवली, आणि तिने दारातून हात हलवला तो नेहमीपेक्षा जरा कमी.

घरी आल्यावर बायकोला मात्र सगळं खरं सांगितलं, मी काय म्हणणार होतो ते, आणि स्टेशनवर काय म्हणालो तेही. तिसऱ्या दिवशी ती चहाचा कप पुढे ठेवताना म्हणाली, "जन्मभर रेल्वेत काढलात, आणि ऐन वेळी एका क्षणाने लेट झालात."